मेलेल्या इंजिनातलं तेल

नऊ वर्षं बंद पडलेल्या गाडीत तेल चढतं का हो? विहिरीला पाणी चढतं, माणसाला माज चढतो, ते आपण रोज बघतो. पण मेलेल्या इंजिनात तेल चढतं असं कोणी सहादूला सांगितलं असतं, तर त्याने हातातला पाना फेकून मारला असता. आणि तेच त्याच्या स्वतःच्या गॅरेजात चालू होतं. नाशिकच्या मखमलाबाद नाक्यावर, मागच्या आवारात, बाभळीखाली उभ्या असलेल्या सुमोत, दरवर्षी थोडं थोडं.

गाडी गोटीराम अण्णांची. अण्णांचा शेवंतीचा आणि झेंडूचा मळा, माणूस खाऊनपिऊन सुखी. सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याला "ही माझ्या डोळ्यांपुढं नको" म्हणून त्यांनी गाडी सहादूकडे टाकली ती टाकलीच. चारही टायर जमिनीला टेकले. सीटखाली मांजरीची तीन बाळंतपणं झाली. भंगारवाले येऊन येऊन थकले, पण सहादू त्यांना शिवू देईना, आणि स्वतःही शिवत नव्हता.

फक्त वर्षातून एकदा त्याला तिच्याजवळ जावंच लागे, ते खंडेनवमीला. त्या दिवशी गॅरेजातलं झाडून सगळं हत्यार धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही, ही सहादूच्या वस्तादांनी लावलेली शिस्त. वस्ताद गेले, शिस्त राहिली. आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीलाही हार घालायचा, मग ती चालू असो की बंद. सुमोला हार घालताना सहादू तोंड दुसरीकडे करायचा.

अठ्ठ्याण्णव साली असाच हार घालायला गेला, तर बॉनेट नीट बसलेलं नाही. उचलून बघतो तो तेलाची पट्टी लख्ख पुसलेली. पट्टी म्हणजे इंजिनात तेल किती आहे ते बघायची लांब पात्यासारखी सळी, तिच्या टोकाला दोन खुणा. तेल वरच्या खुणेला टेकलेलं असलं की गाडीवाल्याने खुशाल झोपावं, खालच्या खुणेच्या खाली गेलं की कपाळ बडवावं. वर्षभर धूळ खात पडलेल्या गाडीची पट्टी ताज्या फडक्याने पुसलेली बघून सहादूला जरा विचित्र वाटलं, पण त्याने ते कोणाच्या तरी खोडीवर ढकललं.

पुढच्या खंडेनवमीला तेच. त्याच्या पुढच्याही. पाचव्या वर्षी पट्टीचं टोक ओलं निघालं, आणि सहादू मटकन खालीच बसला. ते तेल नवं होतं, मधासारखं पिवळं. आधीचं तेल कधीच वाहून गेलेलं, इंजिन आतून कोरडं ठणठणीत होतं, हे त्याच्याइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं. सहाव्या वर्षी तेल खालच्या खुणेला लागलं. आठव्या वर्षी वरच्या खुणेपासून पेराभर खाली होतं.

त्याने काय केलं नाही? लिंबू-मिरची बांधली. नारळ उतरवला. गोदावरीचं पाणी शिंपडलं. बायको, कुसाबाई, हसायची. "अवो, भुताला पट्टी कशाला लागती? भूत काय डायव्हर हाय का?" म्हणायची. एकदा मात्र त्याचं तोंड बघून तिचं हसू विरलं. "एवढंच वाटतं तर एका पहाटं जाऊन बसा की आवारात," ती म्हणाली. "काय ते डोळ्यांनी बघा आन मोकळे व्हा."

बघून मोकळं व्हायला आधी कारण ठाऊक नसावं लागतं. सहादूला पक्कं ठाऊक होतं कोण येतं ते. मंजुषा येते. अण्णांची लेक. जिवंतपणी जी मागच्या सीटवर तडफडत होती, ती आता पुढे येऊन तेल बघते. आणि ज्या दिवशी तेल वरच्या खुणेला टेकेल, त्या दिवशी ती बॉनेट लावून सरळ त्याच्या दाराशी येईल आणि विचारेल. काय विचारेल तेही त्याला ठाऊक होतं.

आता खरं काय झालं ते सांगतो, कारण सहादू स्वतः काही तोंडाने सांगणारा नव्हता.

सत्त्याण्णव साली अष्टमीच्या संध्याकाळी अण्णांच्या ड्रायव्हरने, मुस्तकीमने, सुमो ऑइल बदलायला आणून लावली. मुस्तकीम तिशीतला, शिडशिडीत, गाडीला इतकं जपणारा की गाडीवर कावळा बसला तरी याचा जीव खालीवर व्हायचा. मंजुषा हरसूलला दिलेली, दिवस भरत आलेले. दसऱ्याला तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलेलं, त्यासाठीच गाडीचं सगळं करून घ्यायचं होतं. घाई नव्हती. सहादूने इंजिन गरम केलं, खालच्या चेंबरचा नट काढला, काळं तेल परातीत सोडलं, आणि भोक तसंच उघडं ठेवून घरी गेला. रात्रभर ठिबकू द्यायचं, शेवटचा थेंब निघाला पाहिजे, हीही वस्तादांचीच शिस्त.

नवमीला सकाळी आधी पूजा झाली. मग तो गाडीखाली सरकला आणि नट बोटांनीच फिरवून बसवला. पाना पाटावर होता ना. उद्या सकाळी आवळू, गाडी कुठे आज जातेय, असा विचार. नवा फिल्टर हातानेच आवळतात, तो आवळला. तेल ओतलं, मोजून सगळं. आणि हात पुसतो न पुसतो तोच मुस्तकीम धापा टाकत आला. "सहादूभाऊ, हरसूलहून फोन आलाय. मंजूताईला कळा सुरू झाल्या. गाडी निघंल का?"

सहादूने पाटाकडे बघितलं. पाना रांगेत मधोमध होता, त्याच्यावर ओलं कुंकू आणि झेंडूची पाकळी. अहो, कोणाही शहाण्या माणसाने उठून उचलला असता! देव काय हात धरणार होता? पण सहादूच्या मनात आलं, वस्ताद वरून बघतायत. बोटांनी चांगला घट्ट बसलाय, जाऊन येऊन शंभर किलोमीटरही नाही, संध्याकाळपर्यंत काय होतंय? आणि त्यातलं एक अक्षरही मुस्तकीमला न सांगता तो म्हणाला, "ने."

एवढ्या घाईतही मुस्तकीमने बॉनेट उघडलं. पट्टी काढली, स्वतःच्या रुमालाने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढून बघितली. आणि तरीही समाधान झालं नाही म्हणून आणखी एकदा पुसून बघितली. "फुल्ल हाय," म्हणाला आणि हसला. सहादू आरतीचं ताट घेऊन तीन हातांवर उभा होता. त्याने ते सगळं बघितलं.

मंजुषाला घेऊन परत येताना नट कुठे गळाला ते देवाला ठाऊक. वाघेरा घाटात तेलाचा लाल दिवा लागला, आणि मुस्तकीम गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन जाम झालं. सणाचा दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दीड तासाने एक दुधाचा टेम्पो आला. नाशिकला पोचेपर्यंत मंजुषा गेली होती, तिच्या पोटातलं लेकरूही गेलं.

तिन्हीसांजेला गाडी ओढून सहादूकडे आणली. तो आधी खाली सरकला. नटाच्या जागी नुसतं भोक. आणि मग त्याने काय केलं असेल? भंगाराच्या डब्यातून एक बसेलसा नट शोधला, पाटाकडे गेला, पूजेतला पाना उचलला आणि नट कचकचून आवळला. सकाळी जो पाना मंजुषासाठी उचलला नाही, तो संध्याकाळी स्वतःसाठी उचलला. वस्ताद तेव्हा आठवले नाहीत.

तेवढ्यात गोटीराम अण्णा आले, बरोबर चारजण, आणि मधे मुस्तकीम, गुन्हेगारासारखा धरून आणलेला. अण्णांचा आवाज बसला होता. "तेल कुठं गेलं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"निम्मंच वतलं होतं, अण्णा," सहादू म्हणाला. "निम्मं राहिलं होतं. मी पूजेत होतो. हा घाईत गाडी घेऊन गेला."

"नाय अण्णा," मुस्तकीम म्हणाला, "मी पट्टी बघितली. फुल्ल होती. अल्लाकसम."

सगळे सहादूकडे बघू लागले. आता बोलला असता तर सुटला असता. पण भीती जिभेवर बसली की ती माणसाला बोलू देत नाही, स्वतःच बोलते. "पहिल्यांदा काढलेली पट्टी खोटं बोलती," तो म्हणाला. "तिला वरपर्यंत तेल लागलेलं असतं. पुसून परत घातली होती का?"

"पुसली होती की! तुम्ही होता ना तिथं, सहादूभाऊ? तुम्ही बघितलं ना?"

"माझं ध्यान नव्हतं," सहादू म्हणाला.

मुस्तकीमने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. जसं काही हातच सांगणार होता. "पुसली होती," तो म्हणाला. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "पुसली असंल." आठवड्याभरात तो बायकोला, जुलेखाला, घेऊन तिच्या माहेरी मालेगावला निघून गेला. सहादूच्या कानावर पुढे एवढंच आलं की त्याला कोणी गाडीवर ठेवत नाही.

तर ही अशी गोष्ट. नऊ वर्षं सहादू हे पोटात घेऊन हिंडला. जेवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, कुसाबाईच्या शेजारी पडल्यावर, ते तीन शब्द त्याला ऐकू यायचे. माझं ध्यान नव्हतं. नंतर नंतर कोणत्याही गाडीचं ऑइल बदललं की तो नट चारचारदा आवळायचा, इतका की दोनदा आटेच गेले. लोक म्हणायचे, सहादूसारखं काम नाशकात कोणी करत नाही.

दोन हजार सहा साली, खंडेनवमीच्या पहाटे, कुसाबाई झोपेत असताना तो उठला आणि आवारात जुन्या टायरांच्या ढिगामागे जाऊन बसला. ठरवून आला होता. या वर्षी तेल वरच्या खुणेला लागणार. ती येईल तेव्हा पळायचं नाही. तिच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सांगायचं. तोंडाला कोरड पडली होती, घोटभर पाणी आणायला हवं होतं असं वाटत होतं. पूर्वेला फटफटू लागलं. नाक्यावर फुलांचे टेम्पो लागायला लागले होते, पण आवारात बाभळीचं पानही हलत नव्हतं.

मग तारेच्या कुंपणाशी खुडबुड झाली. कोणीतरी वाकून आत आलं, अंगावर पांढरं काहीतरी पांघरलेलं. सहादूच्या अंगावर सरसरून काटा आला. ती आकृती थेट सुमोकडे गेली, अडकणारं बॉनेट जिथे दाबलं की सुटतं नेमकं तिथेच दाबलं आणि ते उघडलं. पट्टी काढली. पुसली. आत घातली, काढली, उजेडाकडे धरून बघितली. पुसली. आत घातली, काढली, बघितली. पुन्हा. पुन्हा. सहादूला मोजताही येईना इतक्यांदा. आणि प्रत्येक वेळी ती आकृती काहीतरी पुटपुटत होती, "पुसली. आता पुसली. ही बघा पुसली."

मग पांढरी शाल खांद्यावरून सरकली आणि दाढी दिसली. सहादू टायरांना धरून उभा राहिला. "मुस्तकीम?"

मुस्तकीमने दचकून मागे बघितलं. चाळिशीचा माणूस साठीचा दिसत होता. "सहादूभाऊ," तो ओशाळून म्हणाला, "माफ करा. विचारून यायला पाहिजे होतं. मी वर्साला एकदाच येतो. रातच्या गाडीनं येतो आन लगेच जातो." त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, तिच्यात पिवळं तेल. "थोडं थोडं वततो. तेवढंच मनाला बरं वाटतं. आज होईल वरच्या खुणेला."

भूत नव्हतं म्हणून हायसं वाटायला हवं होतं. सहादूला ते भूत असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. तो पुढे गेला आणि सगळं बोलला. नट बोटांनी बसवला ते, पूजेतला पाना उचलला नाही ते, तेल पुरं ओतलं होतं ते, संध्याकाळी दुसरा नट लावला ते. "आन तू पट्टी पुसली होती, मुस्तकीम. दोनदा पुसली. माझ्यासमोर. तुझ्या रुमालानं. मी बघत होतो. मी खोटं बोललो. तुझी काहीच चूक नव्हती रे. मीच पापी हाय."

मुस्तकीमने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने सहादूच्या दंडाला हात लावला, आजारी माणसाला लावतात तसा. "तुम्ही लय भले हाय, भाऊ. माझ्यासाठी स्वतःवर घेता."

"अरे घेत नाय! खरं सांगतोय!"

"मी एकदाच काढली होती पट्टी," मुस्तकीम म्हणाला. "पुसली नाय. पहिलं पहिलं मलाबी वाटायचं पुसली म्हणून. जुलेखा तर अजून म्हणती, तुमचा हातच तसा, तुम्ही पुसल्याबिगर राहणारच नाय. यावरून मी भांडलो तिच्याशी, चार दिवस बोललो नाय. आता मला चांगलं आठवतं. मी काढली, बघितली आन ठेवून दिली. नऊ वर्सं रोज बघतो मी ते."

सहादूने त्याचा हात धरून त्याला ओढत गाडीखाली नेलं. दोघंही धुळीत उताणे झाले. "बघ! हा नट या गाडीचा हाय का? डोकं बघ त्याचं. दुसऱ्याच गाडीचा हाय. तुझा नट घाटात पडला."

मुस्तकीमने हात वर करून नट चाचपला. क्षणभर त्याचा चेहरा बदलल्यासारखा झाला, आणि सहादू आणखी जवळ सरकला. मग मुस्तकीम म्हणाला, "जुन्या गाडीला असे बदलतातच, भाऊ." आणि बाहेर सरकला.

सहादूही बाहेर आला, तिथेच धुळीत ओणवा झाला आणि रडू लागला, पन्नाशीचा बाप्या, लहान पोरासारखा हुंदके देत. "मग काय करू मी? अण्णांना सांगतो. आत्ता जातो मळ्यात. चारचौघात सांगतो. तू फक्त एकदा म्हण की तू पुसली होती."

"कोणाला सांगता, भाऊ?" मुस्तकीम त्याच्या शेजारी उकिडवा बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सहादूला सहन होईना. "अण्णांचं सोडा. मंजूताई येती माझ्याकडं. गाडीत बसलो की मागच्या सीटवर येऊन बसती. म्हणून तर मी गाडी चालवणं सोडलं. ती एकच विचारती, मुस्तकीमभाऊ, पट्टी पुसली होती का? पहिल्या वर्सी ती लय विचारायची. तेव्हा मी तुमच्या नावानं मनात हाका मारल्या. म्हटलं, सहादूभाऊ तिथं होते, ते सांगतील तिला. तुम्ही नाय आला. ती दमली, मीबी दमलो. एक दिवस म्हणालो, नाय पुसली, ताई. मग ती गप झाली. आता फक्त बसलेली असती."

तो उठला. बाटलीतलं तेल त्याने काळजीने ओतलं, पट्टी आणखी एकदा पुसून बघितली, बॉनेट लावलं, आणि शाल पांघरून म्हणाला, "येतो. कुसावहिनींना सलाम सांगा." तारेखालून वाकून तो नाक्याकडे निघून गेला. झेंडूच्या टेम्पोंच्या गर्दीत तो लगेच दिसेनासा झाला.

चांगलं उजाडलं होतं. सहादू उठला, अंगावरची धूळही न झटकता सुमोच्या मागच्या दाराशी गेला आणि बाहीने काच पुसून आत वाकला. "मंजूताई," तो म्हणाला, "त्यानं पुसली होती. मी बघितलं होतं. ऐकतीस का? माझं ध्यान होतं." त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, मग परत सांगितलं, मग दार उघडून आत डोकं घालून मोठ्याने सांगितलं. कुसाबाई पूजेचं पाणी घेऊन आली आणि कळशी हातात धरून तशीच उभी राहिली. तो एकेक शब्द सुटा सुटा करून, विनवून विनवून सांगत होता. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.